मुलांना डोंगरावर कोण नेणार?

माझा भाचा पुण्यातल्या एका शाळेत सातवीत आहे. यंदाच्या मे महिन्यात त्याच्या वर्गाचे पानशेतच्या जलाशयाकाठी तीन दिवसांचे साहस शिबिर ठरले होते. तंबूतला मुक्काम, कयाक ही छोटी वल्ह्याची होडी चालवणे, एका छोट्या कड्यावर दोराच्या आधाराने चढणे-उतरणे आणि पहाटेची डोंगरफेरी असा बेत होता. पालकसभेत निम्म्याहून अधिक पालकांनी नकार दिला, काहींनी शाळेकडे सुरक्षिततेची लेखी हमी मागितली, तेव्हा शाळेने उलट पालकांकडूनच हमीपत्र मागितले. शेवटी शिबिर रद्द झाले आणि त्याऐवजी एका वॉटर पार्कची एक दिवसाची सहल निघाली. दादाने हे सगळे मला फोनवर सांगितले, त्याच सुमारास इथे इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या शाळेचे पत्र आले. जुलैत, शालेय वर्ष संपता संपता, तिचा वर्ग उत्तर वेल्समध्ये एका आठवड्यासाठी जाणार होता. घळीतल्या वाहत्या पाण्यातून चालणे, कनू ही उघडी होडी चालवणे, प्रस्तरारोहण आणि एक रात्र डोंगरातल्या तळावर, असा कार्यक्रम होता. इथल्या पालकसभेतही काळजीचे चेहरे होते, प्रश्नही भरपूर होते; फक्त प्रश्न वेगळे होते.

पुण्यात वाद झाला तो मुलांना पाठवावे की न पाठवावे, यावर. इथे चर्चा झाली ती नेणारा कोण, तो काय शिकलेला आहे, त्याची तपासणी कोणी केली आणि अर्ध्या वाटेतून मागे फिरण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, यावर. हा फरक इंग्रज पालक अधिक धाडसी असल्यामुळे पडलेला नाही. त्यामागे चार मुलांचे मृत्यू आहेत.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम बे या उपसागरात प्लिमथच्या एका शाळेतले आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक कयाकमधून निघाले. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने त्यांना आत ओढून नेले, नावा उलटल्या, आणि मदत पोहोचण्यात इतका उशीर झाला की चार विद्यार्थी थंड पाण्यात मृत्यू पावले. त्यांच्याजवळ संकटाचा इशारा देणारे साधे फ्लेअरसुद्धा नव्हते. त्या केंद्रातून बाहेर पडलेल्या प्रशिक्षकांनी तिथल्या हलगर्जीपणाबद्दल व्यवस्थापनाला आदल्याच वर्षी पत्र लिहून सावध केले होते, हेही नंतर उघड झाले. कंपनी आणि तिचा संचालक सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले आणि संचालक तुरुंगात गेला. प्लिमथचे खासदार डेव्हिड जेमिसन यांनी मांडलेल्या खाजगी विधेयकातून १९९५ साली साहस केंद्रांसाठी कायदा झाला. तेव्हापासून अठरा वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन गुहाभ्रमण, आरोहण, दुर्गम भागातली पदभ्रमंती किंवा जलक्रीडा यांसाठी नेणाऱ्या संस्थेला परवाना लागतो, आणि प्रत्यक्ष तपासणीशिवाय तो मिळत नाही.

त्या दुर्घटनेनंतर इंग्लंडमध्येही सहली बंद कराव्यात असा सूर लागला होता आणि तो पूर्णपणे मावळला असे आजही म्हणता येत नाही. मात्र कायदा झाला तो सहली बंद करण्यासाठी नव्हे, तर सहल नेणाऱ्याला उत्तरदायी धरण्यासाठी, आणि ते तत्त्व मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडचे असेच एक दुःख म्हणजे मुरूड. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. ती साहस सहल नव्हती. दोर, कडा, कयाक यांतले काहीही नव्हते. नेहमीची सहल, नेहमीचा किनारा आणि पाण्यात उतरलेली तरुण मुले होती. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींसाठी लांबलचक नियमावली काढली आणि समुद्रकिनारे, जलाशय, विहिरी, उंच टेकड्या अशा जागा टाळण्याच्या सूचना शाळांना दिल्या. इतक्या कोवळ्या मुलांच्या मृत्यूनंतर सरकारने काहीच केले नसते, तर ते अधिक वाईट झाले असते, हे मी मनापासून मान्य करते. तरीही जागांची यादी करून बंदी घातली की मुलांसोबतच्या मोठ्यांपैकी पाणी कोणाला कळते, हा मूळ प्रश्न तसाच राहतो. वॉटर पार्कची सहल सुरक्षित आणि पानशेतची धोक्याची असे धरून चालणाऱ्या पालकांनाही मी हेच विचारेन. तिथेही खोल पाणी असते, गर्दी असते आणि पन्नास मुलांवर दोन शिक्षक असतात.

शिवाय बंदीमुळे मुले डोंगरापासून दूर राहत नाहीत. सातवीत ज्याला शिक्षकांबरोबर जाऊ दिले नाही, तोच मुलगा अकरावी-बारावीत मित्राच्या दुचाकीवर मागे बसून भर पावसात ताम्हिणीला किंवा देवकुंडला जातो. शेवाळलेल्या कातळावर पाऊल कसे टाकायचे, ओढ्याचे पाणी गढूळ होऊ लागले की काय समजायचे, हे त्याला तोवर कोणीही शिकवलेले नसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतरही मनाई आदेश निघाले. पाण्याचा स्वभाव मात्र लहान वयात, जाणत्या माणसाच्या सोबतीनेच समजतो, आणि अकरा ते चौदा हे वय त्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. या वयात अंगात बळ आलेले असते, सांगितलेले ऐकण्याची तयारी अजून असते, आणि मित्रांसमोर शौर्य गाजवण्याची ओढ पुढच्या वयाइतकी तीव्र झालेली नसते.

आता मागे फिरण्याच्या अधिकाराविषयी लिहिते, कारण दोन्हीकडच्या चर्चांमध्ये मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. मुलीच्या शाळेतल्या सभेत शिक्षिकेने सांगितले की ओढ्याच्या पाण्याची पातळी ठरलेल्या खुणेच्या वर असेल, तर घळीतली चाल होणार नाही. तो निर्णय केंद्राच्या प्रशिक्षकाचा असेल आणि त्यावर शाळाही हुज्जत घालणार नाही. त्या दिवशी मुले काय करतील, तेही पत्रात आधीच लिहिलेले होते. एका वडिलांनी विचारले की तसे झाले तर काही पैसे परत मिळतील का. शिक्षिका म्हणाल्या, शुल्क आठवड्याचे आहे, ओढ्याचे नाही. साऱ्या व्यवस्थेचा कणा या उत्तरात आहे असे मला वाटते. पुण्यातल्या उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती पाहिल्या की त्यांत रॅपलिंग (दोराने कडा उतरणे), व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणे), झिपलाइन, कयाकिंग अशी यादी असते आणि पालक त्या यादीचे पैसे मोजतात. मग वारा सुटला, मुले उन्हाने थकली किंवा प्रशिक्षकांपैकी एक जण ऐन वेळी आला नाही, तरी यादी पूर्ण करण्याचा दबाव आयोजकावर येतो, आणि तो दबाव आणणाऱ्यांत आपण पालकही असतो. ‘एवढे पैसे भरले आणि रॅपलिंग झालेच नाही’ ही तक्रार मी पुण्यातल्या नातेवाइकांकडून अनेकदा ऐकली आहे. रॅपलिंग का झाले नाही, हे मात्र त्यांनी कधी विचारल्याचे ऐकलेले नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. २०१४ साली राज्य सरकारने साहसी उपक्रमांसाठी नियमावली काढली, तिच्यावर गिर्यारोहण संस्थांनी आक्षेप घेतले, बराच काळ वाद चालला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याचे साहसी पर्यटन धोरण आले. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारांतल्या उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. म्हणजे शिबिराची चौकशी करताना नोंदणी क्रमांक मागण्याचा हक्क पुण्यातल्या प्रत्येक पालकाला आजच आहे. भाच्याच्या शाळेतल्या सभेत हमीपत्रावर तासभर चर्चा झाली आणि नोंदणीचा विषय कोणीही काढला नाही, असे दादा म्हणाला. हमीपत्राने दोष कोणाच्या माथी जाईल एवढेच ठरते. दोराला जोडण्यासाठी कमरेला बांधलेल्या हार्नेसचा पट्टा दुसऱ्या कोणी तपासला की नाही, हे त्यातून कळत नाही.

इथली पद्धत मात्र जशीच्या तशी उचलून चालणार नाही, कारण धोकेच वेगळे आहेत. वेल्समध्ये जुलैतही पाणी इतके गार असते की मुलांना वेटसूट घालावा लागतो, आणि तिथली खरी भीती ओल्या अंगाने गारठण्याची असते. सह्याद्रीत मे महिन्यात परिस्थिती नेमकी उलटी असते. गडावरची बहुतेक टाकी आटलेली असतात, दहा वाजेपर्यंत कातळ तापतो, वाळलेल्या गवताखालच्या घसाऱ्यावरून पाय सटकतो, आणि कड्यांवरच्या आग्या मोहोळांना धुराने किंवा अत्तराच्या उग्र वासाने डिवचले तर पळायला जागा नसते. पुण्याच्या उन्हाळ्यात मुलांना न्यायचे तर चाल पहाटे पाचला सुरू होऊन नऊच्या आत संपली पाहिजे, दुपार झाडाखाली गेली पाहिजे, पाण्याचा हिशेब माणशी बाटल्यांमध्ये आधी झाला पाहिजे आणि सायंकाळी उन्हे कलल्यावरच जलाशयात उतरले पाहिजे. चांदण्यातली चाल हाही मे महिन्याचा एक सुंदर उपयोग आहे. खरे म्हणजे डोंगरासाठी दिवाळीनंतरचे तीन महिने सर्वांत चांगले. पण शाळांचे वेळापत्रक तेव्हा अनेकदा सवड देत नाही आणि बरेचसे साहस एप्रिल-मेच्या तापलेल्या दिवसांत कोंबले जाते. या वेळापत्रकावर शाळांनी गंभीरपणे बोलले पाहिजे.

इंग्लंडचे जे खटकते, तेही सांगितले पाहिजे. अशा आठवड्याला काही शे पौंड लागतात आणि अनेक घरांना ते झेपत नाहीत. सरकारी अनुदानाच्या आधारे गरजू मुलांचा खर्च शाळा उचलू शकतात, पण मागायला संकोचणारी मुले घरीच राहतात. स्थानिक परिषदांच्या मालकीची अनेक साहस केंद्रे खर्चकपातीत बंद पडली. धोका-मूल्यांकनाचे कागद इतके वाढले आहेत की काही शिक्षकांनी सहल नेणेच सोडून दिले आहे.

याउलट पुण्याकडे जे आहे, ते पैशांनी उभे करता येत नाही. १९८२ साली स्थापन झालेल्या गिरिप्रेमीसारख्या संस्थेचे गिर्यारोहक २०१२ मध्ये एव्हरेस्टवर आणि २०१९ मध्ये कांचनगंगेवर पोहोचले. शहरात अशा कितीतरी लहान संस्था आहेत, ज्यांचे सदस्य नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मुलांना केवळ बस आणि जेवणाच्या खर्चात राजगड-तोरण्याला नेतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्ते दरीत अडकलेल्यांना मोबदला न घेता बाहेर काढतात, तसेच काम इथे शेफिल्डजवळ ईडेलच्या डोंगरी बचाव पथकाचे स्वयंसेवक करतात. सराव करायला वेताळ टेकडी आणि तळजाई शहरातच आहेत. रस्त्यांच्या प्रस्तावांविरुद्ध वेताळ टेकडी वाचवण्यासाठी झगडणारे नागरिक मुलांच्या या शिक्षणाचीही राखण करत आहेत, असे मी मानते. पायथ्याच्या वाडीत पिठले-भाकरी वाढणाऱ्या मावशींना वाटेवरचे मोहोळ यंदा कुठे लागले आहे, हे ठाऊक असते. ही सगळी जाण शाळांपर्यंत पोहोचवणारा दुवा तेवढा नाही. प्रत्येक शाळेने आपल्या भागातल्या एका जाणत्या संस्थेशी वर्षभराचा संबंध ठेवला, पाचवीत टेकडी, सहावीत सिंहगड, सातवीत मुक्काम अशी चढती रचना केली, तर मे महिन्यात अनोळखी आयोजकाच्या हाती मुले सोपवण्याची वेळच येणार नाही.

दुसरी उणीव पोहण्याची आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपेपर्यंत प्रत्येक मुलाला किमान २५ मीटर पोहता यावे, अशी अपेक्षा आहे. ती सर्वत्र पूर्ण होत नाही, पण ती शाळेची जबाबदारी मानली जाते. पुण्यात पोहणे हा मे महिन्याचा खाजगी वर्ग आहे, आणि सोसायटीत तलाव असलेल्या मुलांना तो सहज मिळतो. महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी महापालिकेच्याच तलावांवर सकाळचे तास राखून ठेवणे अवघड नाही. पानशेत, पवना, मुळशी, खडकवासला अशा जलाशयांनी वेढलेल्या शहरात त्याची निकड मी वेगळी सांगायला नको.

दादाने शाळेला पत्र लिहिले आहे. शिबिर पुन्हा ठरवावे, पण मे महिन्यात नव्हे तर डिसेंबरात. आयोजकाचा नोंदणी क्रमांक आणि प्रशिक्षकांची प्रमाणपत्रे पालकांना आधी दाखवावीत. प्रत्येक मुलाला पोहता येते का आणि दम्यासारखा त्रास आहे का, याची नोंद घ्यावी. आणि कार्यक्रमातला कोणताही भाग ऐन वेळी रद्द झाला, तर पैसे परत मागणार नाही असे पालकांनी लिहून द्यावे, अशा चार मागण्या त्याने केल्या आहेत. चौथ्या मागणीवर आतापर्यंत त्याच्यासह अकरा पालकांनी सह्या केल्या आहेत. शाळेचे उत्तर अजून आलेले नाही.