मिरामारची वाळू आणि खाजनातली वीत

पंधरवडाभर आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. पणजीच्या मिरामार किनाऱ्याचा जुना कृष्णधवल फोटो, शेजारी आजचा, आणि खाली: ‘दर्या वाढला म्हणतात, मग वाळू तिथेच कशी? सत्तरच्या दशकात हेच शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणत होते. एक ज्वालामुखी माणसाच्या शंभर वर्षांएवढा धूर सोडतो. हवामान बदल हे पणजीतल्या एसी हॉलांतलं फॅड. सामान्य माणसाला त्याचं काही पडलेलं नाही.’ तीन जाणत्या माणसांनी मला तो पाठवला, एकाने तर ‘विचार करण्यासारखं’ असं वर लिहून. केला विचार.

आधी फोटो. जगातल्या समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटीमीटरने वाढली. म्हणजे जेमतेम एक वीत. मिरामारला भरती-ओहोटीत पाणी रोज याच्या कितीतरी पट वरखाली होतं. फोटो कुठल्या घटकेला काढला तेच माहीत नसेल तर त्यात ही वीत कुठून दिसणार? ती पाहायला खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीत जावं. तिथली शेतं भरतीच्या पातळीखाली. बांध खारं पाणी अडवतो, पुढचं काम मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं करतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की ती आपसूक मिटतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून नदीत उतरतं. बाहेरचं पाणी वीतभर चढलं की दार उघडं राहण्याचा वेळ तेवढा घटतो, आणि आषाढात शेतात तुंबलेलं पाणी तुंबूनच राहतं. आता, गोव्यातला प्रत्येक फुटका बांध हवामान बदलाच्या खात्यावर टाकू नये, हेही खरं. डागडुजीची हयगय, बार्जच्या लाटा, मासळीसाठी दारं नको तेव्हा उघडणं ही पापं आपली स्थानिक. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एकदा मानस पाहिली असती तर वाळू मोजत बसला नसता.

ज्वालामुखीचं लवकर आटपतं. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्यापेक्षाही कमी भरतो.

हिमयुगाचे मथळे तेव्हा छापून आले होते, कबूल. पण 1965 ते 1979 मधल्या शोधनिबंधांची मोजदाद 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा गारठ्याचं भाकीत करणारे 7 निघाले आणि तापमानवाढीचं करणारे 44. लोकांच्या लक्षात मथळा राहिला. (निबंध वाचतो कोण म्हणा.)

खरं खटकलं ते शेवटचं वाक्य. येल विद्यापीठाने सीव्होटर या पाहणी संस्थेबरोबर 2021-22 मध्ये भारतभर पाहणी केली. जागतिक तापमानवाढीबद्दल जेमतेम माहीत आहे किंवा कधी ऐकलेलंच नाही, असं 54 टक्के लोक म्हणाले. फॉरवर्डवाला इथेच थांबला असता. पण थोडक्यात अर्थ सांगून ‘असं घडतंय का?’ असं विचारल्यावर 84 टक्क्यांनी घडतंय म्हणून सांगितलं. घोडं अडलं होतं ते शब्दापाशी. ‘बाकीच्यांना पडलेलं नाही’ हा समज तर जगभरचा. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 125 देशांतल्या सुमारे 1 लाख 30 हजार लोकांना विचारलं होतं: तापमानवाढ रोखायला घरच्या महिन्याच्या कमाईतला 1 टक्का द्याल? 69 टक्के हो म्हणाले. तुमच्या देशातले शंभरातले किती जण देतील? अंदाज सरासरी 43. शेजारी उदासीन आहे असं प्रत्येकाला वाटतं, मग तोही गप्प बसतो, आणि असा फॉरवर्ड त्याला पुढे ढकलायला सोपा जातो.

मला तो पाठवणाऱ्यांतल्या एका काकांची डिचोलीकडे काजूची बाग आहे. गेल्या माघात तेच सांगत होते: मोहर धरला आणि आभाळ भरून आलं, सगळा करपला, हुर्राकाला (काजूच्या दारूला) बोंडू कुठून आणू? परवा फोन करून त्यांना त्याची आठवण दिली. एका मोसमावरून काही सिद्ध होत नाही, हेही सांगितलं.

“अरे, ते वेगळं,” काका म्हणाले. “ते आमचं.”