‘टाकाऊपासून टिकाऊ’मुळे घरातला कचरा वाढतो

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की लेकरांच्या हातात रिकामी बाटली, फेव्हिकॉल आणि चमकीची पुडी येते. झालं, पर्यावरण वाचलं! माझं मत नेमकं उलट आहे. कोरी बाटली कबाडीवाला नेतो. तिच्यावर डिंक, टिकल्या आणि ऑइलपेंट बसला की तिला कोणी विचारत नाही. महिनाभर ती शोकेसमध्ये धूळ खाते आणि मग थेट नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोत जाते. वर चमकी म्हणजे प्लॅस्टिकचाच भुगा. झाडून निघत नाही.

म्हणून मुलांना एकच अट घाला: बनवलेली वस्तू सणानंतर हाताने सुटी करता आली पाहिजे. बांधा, खोचा, दुमडा. चिकटवायचंच असेल तर खळ वापरा. अर्धा कप थंड पाण्यात दोन मोठे चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळा आणि चिमूटभर तुरटी टाका. पूर्वी त्यात मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलांच्या कामात नकोच. ऑक्टोबरच्या उकाड्यात खळ लवकर आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा.

आकाशकंदिलाला बांबूच्या एक-एक फुटाच्या १२ काड्या घ्या आणि दोऱ्याने बांधून चौकोनी खोका करा. बहुतेकांचा कंदील इथेच बिघडतो, कारण नुसता चौकोन उचलताच तिरपा होतो. चारही बाजूंना आणि वर-खालीही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण १७ इंचाची एकेक काडी बांधली की सांगाडा हलत नाही. होल्डर टांगायला वरून आणखी एक काडी आडवी बांधा. चार बाजूंना पतंगाचा कागद लावा, वरची-खालची बाजू उघडी ठेवा. आत ३ ते ५ वॉटचा एलईडी पुरे. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो. दिवाळी झाली की कागद ओला करून खरवडायचा आणि सांगाडा माळ्यावर ठेवायचा. पुढच्या वर्षी फक्त चार कागद आणायचे.

किल्ल्यासाठी मातीची पोती विकत आणायची गरज नाही. नवरात्रातल्या घटाची माती घरात असतेच, उरलेली रिकाम्या कुंड्यांतून काढा. उतारावर अळीव पेरा. भिजला की तो बुळबुळीत होऊन मातीला धरून राहतो, मोहरी मात्र घरंगळते. दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी पेरा आणि पाणी हाताने शिंपडा. मगाने ओतलं तर बी आणि बुरूज दोन्ही वाहून जातात. सिमेंट, पीओपी आणि बर्फ म्हणून थर्माकोलचे दाणे नकोत. एकदा ते मिसळले की ती माती परत कुंडीच्या कामाची राहत नाही.

आता झेंडू. दसऱ्याला सीताबर्डीच्या फूलबाजारातून पिशव्या भरून येतो आणि दोन दिवसांत काळा पडतो. तोरणाचा दोरा, जरी, तार, पिना आधी काढा. हे काम मुलांना आवडतं. फुलं कुस्करून पाकळ्या मोकळ्या करा, कारण अख्खी फुलं एकमेकांवर दबली की आत हवा जात नाही, चिखल होतो आणि वास सुटतो. तळाला आणि बाजूंना भोकं पाडलेली २० लिटरची बादली घ्या. एक भाग फुलं, दोन भाग वाळका पाला, हे माप वजनाने नाही तर आकाराने. वाटून झालेलं ‘सोनं’ही वाळवून, चुरून त्यातच टाका, आपट्याची पानं चिवट असतात, अख्खी लवकर कुजत नाहीत. वर मूठभर माती, वाटीभर आंबट ताक, आणि दर तीन दिवसांनी खालवर करायचं. वास आला तर पाला वाढवा, काहीच होत नसेल तर पाणी शिंपडा. साधारण दोन महिने लागतात, थंडी पडली की थोडे जास्त. रांगोळी यात टाकू नका. ती दगडाची भुकटी, कुजणार नाही. पांढरी रांगोळी चाळून पुन्हा वापरता येते.

पणत्या नवीन घेतल्या तर दोन-तीन तास पाण्यात बुडवून वाळवा, म्हणजे तेल कमी पितात. जुन्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासल्या की पुन्हा चालतात. फुटलेल्यांचे तुकडे कुंडीच्या भोकावर ठेवा. संत्रा बर्फी आणायला जाताना स्टीलचा डबा न्या आणि आधी काट्यावर त्याचं वजन वजा करायला सांगा. मुळात खोक्याचं वजन मिठाईत धरायचं नसतंच.

कोजागिरीला गच्चीवर दूध प्यायला घरातले पेले काढा. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तो ना रद्दीत जातो ना खतात.

फटाके उडवणारच असाल तर शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि विझलेल्या फुलझड्यांच्या तारा तिच्यातच टाकायला लावा. अंगणात पडलेली तार उशिरापर्यंत गरम असते, मुलांचे पाय भाजतात. सकाळी तारा वेगळ्या काढून भंगारात द्या. फटाक्यांचा कागद आणि राख खताच्या बादलीत किंवा झाडाच्या आळ्यात अजिबात टाकू नका. त्यात बारूद आणि रंगांची रसायनं असतात. तो कागद वेगळ्या पिशवीत बांधून घंटागाडीवाल्याला सांगून द्या.