बिलाच्या तळाशी बघा

डबे उघडून काय संपलंय ते बघायचं, कागदावर यादी करायची आणि तेवढंच आणायचं, ही आपल्या आईवडिलांची पद्धत. तिच्यात नुसता खर्च होतो, बचत शून्य. तुम्हाला बचत करायची असेल तर यादी फ्रीजवर चिकटवून तिथेच राहू द्या आणि शनिवारी संध्याकाळी सहकुटुंब सुपरमार्केटात जा. शनिवारीच, कारण त्या वेळी ठाण्यात मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत गाडी इतक्या सावकाश सरकते की घोडबंदर रोडवरचं प्रत्येक होर्डिंग नीट वाचून होतं. पेट्रोल बचतीच्या हिशेबात धरायचं नाही. पार्किंगही नाही.

आत शिरल्यावर एमआरपी हाच खरा भाव आहे अशी मनाची तयारी करा. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून कमाल किंमत. याच्या वर विकता येत नाही, खाली कितीही विका. बिल्डिंगखालचा वाणीही त्यातून दोन-चार रुपये सोडतो. पण त्या बिचाऱ्याला बोलता येत नाही. सुपरमार्केटचं बिल मात्र तळाशी ठळक अक्षरांत सांगतं: 'आज आपण वाचवले 412 रुपये'. हा आकडा बिलाच्या एकूण रकमेपेक्षा महत्त्वाचा आहे. ती रक्कम वर कुठेतरी असते, तिकडे बघू नका.

आता साखरेचा मामला. समजा, 1500 रुपयांच्या खरेदीवर किलोभर साखर 9 रुपयांत अशी ऑफर आहे. तुमचा माल भरलाय 1180 रुपयांचा. कच्चा गडी इथे 44 रुपये देऊन साखर घेतो आणि घरी जातो. तुम्ही तसं करू नका. मागे वळा, 299 रुपयांचं म्युसली उचला. घरात सगळे पोहे-उपमा खातात हे मान्य, पण प्रश्न तत्त्वाचा आहे. झाले 1479. उरलेल्या 21 रुपयांची सोय दुकानानेच केलेली असते. काउंटरला लागून, बरोबर तुमच्या धाकट्याच्या उंचीवर, चॉकलेटं लावलेली असतात. त्यातलं एक 25 चं घ्या. 35 रुपये वाचवण्यासाठी 324 खर्च झाले असं सासरेबुवा म्हणतील. त्यांना साखर जास्त घालून चहा द्या.

पाकिटावर एमआरपीच्या आसपास मुंगीच्या अक्षरात 'युनिट सेल प्राइस' छापलेली असते. किलोच्या आतल्या पाकिटाला ती दर ग्रॅमला असते. ती अजिबात वाचायची नाही. 500 ग्रॅमचं साधं पाकीट 62 रुपयांना आणि 'एक्स्ट्रा' अशी पिवळी पट्टी मारलेलं 625 ग्रॅमचं 80 रुपयांना असेल, तर त्या मुंग्या पहिल्यावर 0.12 आणि दुसऱ्यावर 0.13 असं काहीबाही सांगत बसतात. पिवळी पट्टी लांबूनही दिसते, यातच काय ते आलं. गोडंतेलाचंही तेच. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, आणि हल्ली तेवढ्याच दिसणारी 850 ग्रॅमची पाऊचही मिळतात. वजन बघणाऱ्या माणसाला कुठलीच ऑफर लाभत नाही. शेजारच्या ट्रॉलीवाल्या काकू चष्मा वर करून पाकीट उलटसुलट करत असतील तर त्यांच्यापासून लांब उभे राहा, हा रोग पसरतो.

'एकावर एक फ्री' ला वस्तू कोणती हे विचारायचं नसतं. टॉयलेट क्लीनर असो, मेयोनीज असो, घ्या. तारीख बघण्याचाही मोह आवरा. जे पुढच्या महिन्यात बाद होणार असतं तेच अनेकदा इतक्या प्रेमाने फुकट मिळतं, आणि मेयोनीज मावळायच्या आत संपवायचं म्हणून आठवडाभर घरात सँडविच होतात. मुलांना भाकरी-भाजीतून तेवढीच सुटका.

खरी परीक्षा घरी आल्यावर. पाच किलो रवा, दहा किलो तांदूळ, तीन डझन साबण. दिवाण भरला, माळा भरला, वॉशिंग मशीनच्या मागची फट भरली. पावसाळा लागला की रव्याला जाळी धरते, तांदळात टोके फिरू लागतात. मग वर्तमानपत्र पसरायचं, तांदूळ उन्हात ठेवायचे, ऊन आलंच तर. रवा चाळायचा, तरीही मनाला बरं वाटत नाही म्हणून टाकायचा. टाकताना लक्षात ठेवा, अर्धा रवा फ्री होता. फक्त दुसऱ्या अर्ध्याचंच नुकसान झालं.

काहीजण अजूनही जांभळी नाक्याला जातात. तिथे सुटी तूरडाळ पोत्यातून हातावर घेऊन बघतात, दात लावून बघतात, अडीच किलो म्हणजे अडीच किलोच घेतात आणि पिशवी घरची नेतात. या लोकांनी आयुष्यात किती वाचवलं याची कुठेही नोंद नाही. त्यांच्याकडे दाखवायला बिलच नसतं.

एवढ्या बचतीला वन बीएचके पुरणार नाही, हे एव्हाना घरच्यांनी सुनावलं असेल. त्यावरही ऑफर आहे, होर्डिंग तुम्ही येताजाता वाचलेलंच आहे. पाडव्याला टू बीएचके बुक केला तर मॉड्युलर किचन फ्री. साइट व्हिजिटला जाताना मोजपट्टी न्या आणि खालच्या ट्रॉलीत पाच लिटरचा तेलाचा कॅन उभा राहतो का, ते सेल्सवाल्यासमोरच बघून घ्या.