शेजारच्या आजींना ऐंशीव्या वर्षी मुलं कशी झाली

परवा भाचीने तिचा स्पॅनिश निबंध तपासायला पाठवला. विषय 'आमचं नवं घर'. आम्ही राहायला आलो तेव्हा शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजींना दोन मुलगे होते, एवढं साधं तिला म्हणायचं होतं. तिने लिहिलं, 'कुआंदो येगामोस, ला बेसिना तुबो दोस इखोस.' स्पॅनिश माणूस हे असं वाचेल: आम्ही सामान घेऊन पोचलो आणि शेजारच्या आजी बाळंत झाल्या. दोन मुलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"मावशी, आपल्याच ग्रुपवर आलंय की. तू वाचत नाहीस का?"

वाचलं. 'पाच मिनिटांत स्पॅनिश भूतकाळ' असा तो मेसेज आहे, आणि वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का. त्यातले दावे असे. 'तेनेर' म्हणजे जवळ असणं. त्याचा भूतकाळ 'तुबे' (मी), 'तुबो' (तो, ती) एवढाच पाठ करा. 'तेनीआ' हा दुसरा भूतकाळ पुस्तकी आहे, लॅटिन अमेरिकेत तो कुणी वापरत नाही. अक्षरांवरच्या तिरक्या रेघा शोभेच्या. आणि मराठी येणाऱ्याला हे वेगळं शिकावंच लागत नाही.

सगळ्यात घातक तो 'पुस्तकी'वाला दावा. 'तुबो' म्हणजे गोष्ट घडली आणि संपली. 'तेनीआ' म्हणजे दुसरं काहीतरी घडत होतं तेव्हा ही गोष्ट होतीच. म्हणून 'तुबो उन इखो' म्हणजे तिला मुलगा झाला, आणि 'तेनीआ उन इखो' म्हणजे तिला मुलगा होता. 'झाला' आणि 'होता' यांतला फरक पुस्तकी वाटत असेल, तर एखाद्या बारशाला जाऊन 'तुम्हाला मुलगा होता' असं म्हणून बघा! वयाचंही तेच. 'मी पाच वर्षांची होते' हे स्पॅनिशमध्ये 'तेनीआ सिंको आन्योस'. तिथे 'तुबे' घातलं की ऐकणारा थबकतो. आमच्या भाचीने त्याच निबंधात तेही घातलं होतं.

राहिली लॅटिन अमेरिका. आंद्रेस बेल्यो हा काराकासमध्ये जन्मलेला आणि चिलीत स्थायिक झालेला विद्वान. 1847 साली त्याने खास अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी व्याकरण लिहिलं आणि 'तेनीआ'सारख्या रूपांना नाव दिलं 'कोप्रेतेरितो', म्हणजे सह-भूतकाळ: एका भूतकाळी गोष्टीच्या सोबतीने चालू असलेली दुसरी. मेक्सिकोतल्या शाळांत आजही हेच नाव शिकवतात. जे कुणी वापरत नाही, ते मुलांना शाळेत कशाला शिकवतील?

या दाव्याचा उगम मात्र मला कळतो, आणि तेवढ्यापुरतं मान्य करते. आज वर्गाचा तास झाला हे सांगायला माद्रिदचा माणूस 'ओय ए तेनिदो क्लासे' म्हणेल, मेक्सिकोचा सरळ 'ओय तुबे क्लासे'. म्हणजे 'ए तेनिदो' या 'तेनेर'च्याच आणखी एका भूतकाळी रूपाचं काम तिकडे बऱ्याचदा 'तुबे' करतं. कुणीतरी हे अर्धवट ऐकलं आणि बळी दिला 'तेनीआ'चा.

रेघांबद्दल फार बोलत नाही. 'तेनीआ'तल्या 'ई'वरची रेघ काढा, जोर 'ते'वर जातो, उच्चार होतो 'तेन्या' (आपल्या गण्या-बाळ्याचा भाऊ शोभेल असा), आणि अर्थ होतो पट्टकृमी. पोटातला. शोभेची रेघ म्हणे.

'तुबे, तुबो एवढंच' हेही खोटं. तुबे, तुबिस्ते, तुबो, तुबिमोस, तुबिस्तेइस, तुबिएरोन अशी सहा रूपं आहेत, आणि ती यायलाच हवीत.

मराठीचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे जरा नाइलाजानेच लिहिते. 'तुबे के इर' म्हणजे मला जावं लागलं, गेलेही. 'तेनीआ के इर' म्हणजे मला जायचं होतं. गेले की नाही ते पुढच्या वाक्यात कळेल. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात, आपल्याला कान आयता मिळालाय. पण तोच कान फसवतोही. 'मला ताप होता' यात आपलं 'होता' एकच. स्पॅनिशमध्ये तीन दिवस येऊन गेलेला ताप 'तुबे फिएब्रे', आणि डॉक्टर आले तेव्हा अंगात असलेला ताप 'तेनीआ फिएब्रे'. तेव्हा शिकावं लागतंच.

भाचीने निबंध दुरुस्त केला, 'तेनीआ दोस इखोस'. मग शेजारच्या आजींना सगळा किस्सा सांगून आली. आजी म्हणाल्या, "अगं, पण मला मुलं झाली तर होतीच ना कधीतरी? ते कसं सांगशील?"

त्याला 'तुबो'.