कॅप्टनसाहेबांचं टपाल

मला जुने लिफाफे जमवायचा नाद आहे. जुने म्हणजे वापरलेले, कडा फाटलेले आणि आत पत्र नसलेले. असाच एक लिफाफा मी इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून मागवला.

"आत पत्र नाही?" बायकोने विचारलं.

"नाही."

"आणि अठरा पौंड?"

टपालखर्च वेगळा, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

लिफाफ्याचा फोटो मात्र पाहण्यासारखा होता. लंडनचा शिक्का ५ जुलै १९०७ चा, 'सी पोस्ट ऑफिस'चा १९ जुलैचा आणि पुण्याचा २० जुलैचा. पत्ता पूना कॅम्पातल्या कुण्या कॅप्टनसाहेबाचा. म्हणजे हा लिफाफा नावाचा गृहस्थ लंडनहून पुण्याला एकदा येऊन गेलेला होता, तोही पंधरा दिवसांत. रस्ता पायाखालचा, तेव्हा दुसऱ्या खेपेला लवकरच येईल असं मी धरून चाललो. त्याला सत्तेचाळीस दिवस लागले.

पहिल्या खेपेचा मार्ग असा. शुक्रवारी लंडनहून विलायती डाकेच्या थैल्या निघायच्या. समुद्र ओलांडून कॅले, तिथून आगगाडीने थेट इटलीच्या टाचेवरचं ब्रिंडिसी. तिथे 'आयसिस' आणि 'ओसायरिस' नावाच्या दोन चपळ बोटी याच कामाला ठेवलेल्या, त्या थैल्या पोर्ट सैदला नेऊन पी. अँड ओ. कंपनीच्या मोठ्या मेलबोटीवर चढवायच्या. मग सुएझ, तांबडा समुद्र, एडन. एडनहून मुंबई सोळाशे सागरी मैलांच्या वर, पाचेक दिवसांची. या पाच दिवसांत बोटीवरच पोस्टाचे सॉर्टर पत्रं निवडायचे, म्हणजे मुंबईला थैल्या उतरल्या की थेट आगगाडीत. 'सी पोस्ट ऑफिस'चा शिक्का तो हा. माझ्या लिफाफ्यावर तो जरा तिरका उमटलाय आणि मला त्या सॉर्टरचा अजिबात राग नाही. आषाढातला अरबी समुद्र, एका हाताने खांब धरलेला, दुसऱ्या हातात शिक्का, आणि पोटातलं घशाशी आलेलं. मी तर स्वारगेट ते कात्रज बसमध्ये उभ्याने सही करू शकत नाही.

मेलबोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असायचे आणि साहेबांना वाढायला गोव्याची मंडळी. म्हणजे साहेबाचं टपाल आणायला कोकणपट्टीच राबत होती.

उशीर तेव्हाही व्हायचा. टपालाच्या करारात उशिराबद्दल दंड होता, पण पावसाळ्यासाठी वेळेची सूटही होती, कारण मुंबईहून एडनकडे निघालं की नैर्ऋत्येचा वारा थेट तोंडावर. सुएझचा कालवा तर निमित्तालाच टेकलेला. सप्टेंबर १९०५ मध्ये तिथे 'चॅटम' नावाचं डायनामाइटने भरलेलं जहाज पेटलं. ते आधी बुडवलं आणि मग सुरुंग लावून उडवलं, तेव्हा कालव्यातली वाहतूक काही दिवस बंदच पडली. २०२१ मध्ये एक जहाज आडवं अडकलं तेव्हा आपण जगबुडी आल्यासारखे टीव्हीसमोर बसलो होतो. आणि काही डाक तर आलीच नाही. ज्या 'पर्शिया' बोटीने १९०६ साली सावरकर विलायतेला गेले, तीच बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईकडे येताना क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. तीनशेच्या वर माणसं गेली. तिथे पत्रांचा हिशेब कोण विचारणार.

पण एरवीच्या उशिराला एक इभ्रत होती. एडनहून बोट सुटल्याची तार मुंबईला यायची, आणि पुढे पाच दिवस सगळं चिडीचूप. बोट लांबली की अख्ख्या फोर्टाची डाक लांबायची. बँकवाला, कापूसवाला, गव्हर्नरसाहेब, सगळे एकाच पंगतीत ताटकळत. माझा उशीर मात्र खास माझ्या एकट्याचा होता. मला रोज मेसेज यायचा. 'आपलं पार्सल मार्गस्थ आहे.' लंडन, दुबई, दिल्ली. दिल्लीत कस्टमवाल्यांनी ते तेरा दिवस ठेवून घेतलं. रिकाम्या लिफाफ्यात तेरा दिवस काय शोधत होते, देव जाणे. नंतर ते एकदा मुंबईत दिसलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिल्लीत.

अडतिसाव्या दिवशी मेसेज आला: 'पार्सल पोचवलं.'

कुठे? कुणाला? मी कुरियरच्या हेल्पलाइनला फोन लावला. सनई वाजली. मग एक मुलगी म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दाखवतंय." मी म्हटलं, "घरात दाखवत नाहीये." असा संवाद आमचा सलग नऊ दिवस चालला. शेवटी शेवटी ती मला आवाजावरून ओळखायला लागली.

दहाव्या दिवशी लिफ्ट बंद होती म्हणून गेटपाशी टेकलो, तर वॉचमनने टेबलाच्या खणातून डबा काढला, मग रजिस्टर, आणि रजिस्टरखालून एक पारदर्शक पिशवी. कस्टमवाल्यांनी वरचं पाकीट फाडून पिशवीत घातलेलं, माझ्या नावाच्या लेबलाचा फक्त पिनकोड उरलेला, आणि समोर स्पष्ट, वळणदार इंग्रजी अक्षरात १९०७ चा पत्ता.

"अहो, हे माझं आहे!"

"तुमचं कसं साहेब?" त्याने पिशवी मागे ओढली. "यावर कॅप्टन लिहिलंय. मी ए विंगपासून सी विंगपर्यंत सगळ्यांना विचारून आलो. ते बी विंगमधले मिलिटरीतले काका पण नाही म्हणाले. नवीन भाडेकरू असतील म्हणून ठेवलं होतं." आणि त्याने रजिस्टर उघडून माझ्यापुढे केलं. "घेऊन जायचं तर त्यांच्या वतीने सही करा. आणि साहेबांचा मोबाईल नंबर टाका."