आमच्या फुटबॉलचं पुस्तक आमच्या कपाटात नाही

गेल्या रविवारी आमच्या गावच्या वाचनालयात एक मुलगा आला. सातवीतला. सरळ मैदानावरून आलेला, पोटरीपर्यंत चिखल वाळलेला, एक गुडघा खरचटलेला. कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मावशी, फुटबॉलचं पुस्तक आहे?"

'क्रीडा' अशी चिठ्ठी लावलेला आमचा एक खण आहे. त्यात अकरा पुस्तकं. बहुतेक क्रिकेटची, दोन योगासनांची, एक बुद्धिबळाचं आणि एक मैदानी खेळांच्या नियमांचं. नियमांच्या पुस्तकात फुटबॉलला चौदा पानं. मैदानाची लांबी-रुंदी, गोलपोस्टची उंची, कॉर्नरचा झेंडा कुठे रोवायचा. त्याने ती चाळली आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं. "हे मला येतं. ह्यात गोष्ट नाही."

तो गेला, पण त्याचं ते वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणून हे लिहितेय. लांब होईल, सांभाळून घ्या.

गोवा सरकारने २०१२ साली फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं. १८८३ साली शिवोलीत फादर लायन्स नावाच्या पाद्रीने हा खेळ आणला असं सांगतात, म्हणजे १४० वर्षं उलटून गेली. गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ची, म्हणजे पोर्तुगिजांपासून गोवामुक्ती होण्याच्याही आधीची. देशाची सर्वोच्च लीग, आधी राष्ट्रीय लीग आणि मग आय-लीग, एकट्या धेंपो क्लबने पाच वेळा जिंकली. साळगावकरने दोन वेळा, चर्चिलने दोन वेळा. एवढ्याशा मुलखातले तीन क्लब देशाचे विजेते झाले. आणि सातवीतल्या मुलाला हातात द्यायला माझ्याकडे मराठीत एक गोष्ट नाही!

काही जण म्हणतील, फुटबॉल म्हणजे दक्षिण गोव्यातली सासष्टी, फुटबॉल म्हणजे इंग्रजी पेपर. मराठी वाचणाऱ्याला भजन, नाटक आणि कीर्तन. हे मला अजिबात मान्य नाही. मी डिचोली तालुक्यातली. भात कापून झालं की शेतातल्या खुंटांवर अनवाणी फुटबॉल खेळणारी पोरं मी लहानपणापासून पाहिलीत. जत्रेला नाटकात काम करणारा माणूस दुसऱ्या दिवशी आंतरवाडा स्पर्धेत स्टॉपरला उभा असायचा. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले, त्यांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२२ साली पद्मश्री. १९८४ साली गोव्याने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली तेव्हा गोलात तेच होते आणि अख्ख्या स्पर्धेत आपल्यावर एकही गोल झाला नव्हता. महेश गवळी, समीर नाईक ही नावं कानाला परकी वाटतात का? आमच्या घरांतल्या लोकांनी हा खेळ खेळला आणि पाहिला. रोज सकाळी मराठी पेपर उघडून शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. फक्त पुस्तक लिहिलं नाही.

लिहायचं कुणी, हा पुढचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे. प्रेक्षकाने.

खेळाडूंची आत्मचरित्रं मी वाचते. त्यांतली बरीचशी दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिलेली असतात आणि ते पहिल्या दहा पानांत कळतं. बालपण, कष्ट, पहिली निवड, दुखापत, पुनरागमन, आभार. आकडेवारीची पुस्तकं उपयोगी, पण ती घेऊन कुणी अंथरुणात झोपेपर्यंत वाचत पडत नाही. नव्या प्रकारची पुस्तकंही आहेत, डावपेचांची, कोण कुठे सरकतो आणि जागा कशी तयार होते ते समजावणारी. ती मला आवडतात, एफसी गोवा ह्या आमच्या क्लबचे सामने पाहताना त्यांचा उपयोगही होतो. पण सामन्याला जाणाऱ्या माणसाचं जे आयुष्य असतं, ते ह्यांपैकी कशातच नसतं.

निक हॉर्नबीचं 'फीव्हर पिच' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हणूनच चकित झाले होते. १९९२चं पुस्तक. लिहिणारा खेळाडू नाही की प्रशिक्षक नाही, आर्सेनलच्या सामन्यांना तिकीट काढून जाणारा साधा माणूस. १९६८ साली वडिलांबरोबर पहिला सामना पाहिला तिथपासून तो सुरू करतो आणि एकेका सामन्याच्या तारखेला धरून स्वतःचं आयुष्य सांगत जातो. घर मोडतं, नोकरी लागत नाही, आणि शनिवारी सामना असतोच. लंडनचा तो क्लब मी कधी पाहिलेला नाही. तरी वाचताना मला सारखी आमच्या घरातली एक वही आठवत होती.

माझे बाबा खाणीच्या कचेरीत ट्रकांच्या ट्रिपा लिहायचे. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, तांबड्या-निळ्या रेघांची वही. तसली एक जादा वही त्यांनी घरी आणली होती आणि तीत ते सामने लिहायचे. रकाने ट्रिपांचेच. 'ट्रक नंबर'च्या खाली संघ, 'वेळ'च्या खाली गोलची मिनिटं, 'माल'च्या खाली मैदान. आणि 'शेरा' हा शेवटचा रकाना. सगळा ऐवज त्या शेऱ्यात आहे. "पावसाने चेंडू डबक्यात थांबला, नाहीतर गोल होता." "रेफ्री चांगला. कुणाचं ऐकलं नाही." "बस चुकली. फोंड्याला भावोजींकडे वस्ती." एका ठिकाणी नुसतंच "चणे खवट."

१९९०ची संतोष ट्रॉफी मडगावच्या फातोर्ड्याला झाली. नवं कोरं स्टेडियम, आदल्या वर्षीच उघडलेलं. फायनलला बाबा मला घेऊन गेले होते, मी सहा वर्षांची. मला आठवतात ते फक्त त्यांचे खांदे, आणि सगळे एकदम उठले की समोर होणारा अंधार. वहीत शेरा असा आहे: "केरळ. सोबत छोकरी. दुसऱ्या अर्ध्यात झोपली. कप आपला." मी हे वाक्य किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही.

आणि ५ डिसेंबर २००४चं पान. फेडरेशन कप ह्या देशातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, बंगळूर, धेंपो विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. आम्ही घरी टीव्हीवर पाहत होतो, शेजारचे तिघे-चौघे होते. क्रिस्तियानो ज्युनिअर हा ब्राझीलचा पंचवीस वर्षांचा पोरगा. पहिला गोल त्याचा, दुसराही त्याचाच. दुसरा मारताना गोलकीपरशी टक्कर झाली, चेंडू जाळ्यात गेला आणि तो खाली पडला तो उठलाच नाही. सुरुवातीला आम्ही ओरडतच होतो, गोल झाला म्हणून. हळूहळू खोली गप्प झाली. आईने आतून विचारलं, "काय झालं रे?" कुणी उत्तर दिलं नाही. धेंपोने कप जिंकला, पुढे त्याच मोसमात लीगही जिंकली, आणि क्लबने त्याचा दहा नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. बाबांच्या वहीत त्या दिवशी 'शेरा' रिकामा आहे. त्याखालचं अख्खं पान रिकामं आहे. बाबा कागदाची एक कड फुकट घालवणारे नव्हते, म्हणून ते पान उघडलं की मला अजून गलबलून येतं.

त्या संध्याकाळी गोव्यातल्या किती घरांत असा टीव्ही चालू असेल? त्यांतल्या एकाही घराची हकीकत आज पुस्तकात नाही.

खेळावर मराठीत लिहिलंच गेलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. बडोद्याच्या मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' केला, तो आजही पाहण्यासारखा आहे. आणि पळवणकर विठ्ठल! त्यांचं 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ साली मराठीत आलं. विठ्ठल हे क्रिकेटमधले थोर दलित गोलंदाज बाळू पळवणकर ह्यांचे धाकटे भाऊ. बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून जास्त बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात संघातल्या सवर्णांबरोबर एकत्र मैदानावर उतरता यायचं, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे १९२३ साली विठ्ठल मुंबईच्या चौरंगी स्पर्धेतल्या हिंदू संघाचे कर्णधार झाले. रामचंद्र गुहांनी ह्या भावांची कहाणी इंग्रजीत सविस्तर लिहिली आणि ती जगभर वाचली गेली, त्यात विठ्ठलांच्या ह्या मराठी पुस्तकाचा मोठा आधार आहे. एका खेळाडूने आपल्या भाषेत बसून लिहून ठेवलं म्हणून पन्नास वर्षांनी कुणालातरी ते सापडलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. धावफलकावर बाळूंचे बळी राहिलेच असते, चहाच्या त्या भांड्याचा मात्र धावफलकाला पत्ताही नसता.

आमच्याकडे साधनं नाहीत असंही नाही. गावोगावच्या क्लबांच्या स्मरणिका आठवा. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव. आधी मंत्र्यांचे संदेश, मग आमदारांचे, मग सरपंचांचे, मग हार्डवेअरच्या आणि पेट्रोलपंपाच्या जाहिराती. ह्या सगळ्यातून वाट काढत शेवटाकडे गेलं की एखाद्या जुन्या गोलकीपरने लिहिलेलं दीड पान असतं. साध्या मराठीत. नारळाच्या झावळीचा गोलपोस्ट कसा केला, क्लबची एकच बुटांची जोडी पेनल्टी मारणाऱ्याला कशी दिली जायची, सामना हरल्यावर पुजाऱ्याने कसं समजावलं. ते दीड पान वाचून मला दर वेळी वाटतं, ह्या माणसाला कुणी पन्नास पानं का नाही दिली? माझ्याकडे अशा स्मरणिका आहेत चार. गोव्यात त्या शेकड्यांनी निघाल्या असतील आणि रद्दीतही गेल्या असतील.

अलीकडच्या गोष्टीही तशाच निसटताहेत. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे आपले तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, कारण आयएसएल, म्हणजे नव्या इंडियन सुपर लीगला, वरचं स्थान द्यायचा भारतीय फुटबॉल फेडरेशनचा बेत त्यांना पटला नाही. पेपरांत फेडरेशन काय म्हणालं, क्लब काय म्हणाले, सगळं आलं. पण वीस-पंचवीस वर्षं एकाच क्लबसाठी बसचे धक्के खात गेलेला माणूस त्या मोसमात रविवारी घरी बसून काय करत होता? मला माहीत आहे, कारण तसा एक माणूस आमच्या घरात होता. तो शिंकाळ्यातले नारळ मोजायचा, परत मोजायचा, आणि पाच वाजले की रेडिओ लावून बंद करायचा.

त्याआधी, २०१५च्या डिसेंबरात, आयएसएलच्या फायनलला मी त्यांना फातोर्ड्याला नेलं. आता खांद्याला धरून नेणारी मी होते. २-१ने आपण पुढे, घड्याळात नव्वद मिनिटं भरत आलेली, शेजारचा अनोळखी मुलगा बाबांच्या गळ्यात पडायच्या तयारीत. आणि बघता बघता चेन्नईने दोन गोल केले. ३-२. त्या मुलाने बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं तसंच ठेवलं, फक्त कारण बदललं. बाबा त्याला थोपटत राहिले. नाव विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

वहीतली शेवटची नोंद एप्रिल २०२१ची आहे. आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचलेला पहिला भारतीय क्लब म्हणजे आपला एफसी गोवा, समोर कतारचा अल रय्यान, आपल्या गोलात धीरज सिंग, सामना आपल्या फातोर्ड्यात आणि महामारीमुळे आत एकही माणूस नाही. बाबांनी टीव्हीवर पाहिला. अक्षर तोवर थरथरतं झालं होतं. "०-०. धीरजने वाचवलं. मैदान रिकामं. बघवत नव्हतं, तरी बघितलं." त्या पावसाळ्यात ते गेले.

मला इतिहासकारांचा ग्रंथ नको आहे असं नाही. तो व्हावाच. नोवी कापडियांनी २०१७ साली भारतीय फुटबॉलचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तसं काम गोव्यासाठी मराठीतही कुणीतरी मनावर घ्यावं. आपल्या साहित्यसंस्था दर वर्षी कवितासंग्रहांना अनुदान देतात, एखाद्या वर्षी एक अनुदान खेळावरच्या पुस्तकाला द्यावं, हे मी त्यांना पत्राने कळवणार आहे. पण ग्रंथाला वेळ लागेल आणि आठवणी सांगणारी माणसं सत्तरीच्या पुढे गेलीत. फुटबॉलच कशाला, व्हॉलीबॉल, कबड्डी, खो-खो, ज्या ज्या खेळात गावाने मिळून संघ उभा केला, त्या सगळ्यांचं हेच आहे.

मी सुरुवात केली आहे. बाबांची वही टाइप करतेय, शेऱ्यांसकट, खवट चण्यांसकट. पहिली वीस पानं छापून, शिवून वाचनालयाच्या त्या खणात बारावं पुस्तक म्हणून ठेवली. काल तो मुलगा येऊन घेऊन गेला. आज शाळा सुटल्यावर परत आला, पानं अजून त्याच्याकडेच होती, त्याला फक्त विचारायचं होतं: "मावशी, फोंड्याला राहिले ते दुसऱ्या दिवशी कामावर कसे गेले?"

ज्यांच्या घरी अशी वही, स्मरणिका, तिकिटाचा अर्धा तुकडा, संघाचा फोटो असेल, किंवा ज्यांचे आजोबा, काका, मामा अजून सांगू शकतात, त्यांनी मला मेसेज करा. डिचोली, साखळी, सत्तरी, फोंडा इथे मी स्वतः येईन, पेडणे-काणकोणलाही येईन, फक्त रविवारी. बोलणं फोनवर रेकॉर्ड करेन, कागदांचे फोटो तिथेच काढेन. वही तुमच्या घराबाहेर जाणार नाही.