कैदी पडद्यावर आणि पक्षकार रांगेत

कोरोनामुळे कोर्टं कशी आधुनिक झाली, यावरची भाषणं अजून संपलेली नाहीत. परवाच एक ऐकलं. ई-फायलिंग, व्हिडिओ कॉन्फरन्स, घरबसल्या न्याय, सगळं आलं त्यात. मी ठाण्यात वकिली करतो, रोज कळव्याहून कोर्ट नाक्यावर येतो, आणि मला काही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. त्या काळाने आपल्या हातात एक चांगली सोय दिली होती. ती आपण नेमकी उलट्या जागी वापरतोय. ज्या कामाला माणूस लागतच नाही, त्यासाठी अशिलाला मुरबाडहून बोलावतो. आणि ज्याला न्यायाधीशासमोर उभं करायलाच हवं, त्या कैद्याला पडद्यावर दाखवून पुढची तारीख देतो.

जरा मागे जातो, कारण हे सगळं लोक भराभर विसरले.

२३ मार्च २०२०. देशभरच्या लॉकडाऊनची घोषणा दुसऱ्या दिवशी रात्री व्हायची होती. त्या एकाच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दोन आदेश दिले. पहिला लिमिटेशनचा. दावे, अपिलं दाखल करायची मुदत १५ मार्चपासून थांबली. मग ही सवलत कधी उठली, कधी पुन्हा लागू झाली, आणि अखेर १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने ठरलं की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत मोजायचाच नाही. जवळजवळ दोन वर्षं! याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. कंटेनमेंट झोनमध्ये अडकलेल्या माणसाने अपील कसं दाखल करायचं होतं? माझे स्वतःचे काही अशील त्या आदेशामुळे तरले.

दुसरा आदेश तुरुंगांचा होता. गर्दी कमी करा, त्यासाठी प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमा. त्याच्याकडे येतोच.

मुदत थांबल्याचं कळताच पोलिसांनाही वाटलं की आपलंही घड्याळ थांबलं. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. लॉकडाऊनमुळे ते दिवसही वाढले, असं मद्रास उच्च न्यायालयातल्या एका निकालात मान्यही झालं होतं. १९ जून २०२० ला एस. कासी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं. महामारी आहे म्हणून माणसाला जास्त दिवस आत ठेवायची मुभा मिळत नाही, असा त्याचा अर्थ. त्या काळातला हा मला सगळ्यात आवडलेला निकाल. टीव्हीवर त्याची चर्चा झालेली मला तरी आठवत नाही.

पण दोषारोपपत्र एकदा आलं की पुढे कुणाचंच घड्याळ नाही. साक्षीदार येत नाहीत, उलटतपासण्या बंद, कोर्टात हजेरी अगदी मोजकी, बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामांच्या यादीत, फक्त तातडीची कामं. बाहेरच्यासाठी खटला थांबला म्हणजे नुसती तारीख पुढे गेली. आतल्याचा मात्र प्रत्येक दिवस आतच गेला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा. २०१९ मध्ये देशातल्या कैद्यांत कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे, ६९ टक्के होते, २०२० मध्ये ते ७६ टक्के झाले. गर्दी कमी करायच्या वर्षातलं हे चित्र. शिक्षा झालेले पॅरोलवर बाहेर पडत होते, नवे अटक झालेले आत येत होते आणि निकाल लागत नव्हते. दुसरं काय होणार!

आणि त्याच वर्षी आपण गुन्हे किती नोंदवले? भादंविचं कलम १८८, म्हणजे सरकारी हुकूम मोडला म्हणून. २०१९ मध्ये देशभरात २९,४६९ गुन्हे. २०२० मध्ये ६,१२,१७९. मास्क नाही, विनाकारण फिरतोय, दुकानाचं शटर अर्धं उघडं. वास्तविक या कलमाखाली कोर्टाला दखल घ्यायची तर संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागायची, नुसत्या एफआयआरवर भागत नव्हतं. म्हणजे यातली कितीतरी प्रकरणं पहिल्या दिवसापासून लंगडी होती. पुढे २०२२ मध्ये राज्य सरकारने हे गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं. तोवर पासपोर्ट आणि नोकरीच्या पोलीस पडताळणीसाठी पोरं आमच्याकडे फेऱ्या मारत होती.

कोर्ट नाक्यावर तेव्हा काय अवस्था होती, हे बाहेरच्याला कळणार नाही. कोर्ट म्हणजे फक्त न्यायाधीश आणि वकील नव्हे. झाडाखालचा टायपिस्ट, स्टॅम्प व्हेंडर, नोटरी, झेरॉक्सवाला, वकिलांचे कारकून, चहावाला, सगळ्यांचं पोट पक्षकाराच्या पायावर चालतं. पक्षकार येईना तर चूल कशी पेटणार? आमच्यातल्या एका ज्युनियरने कळव्यात घरपोच भाजी सुरू केली. त्यात कमीपणा काही नाही, पण वकिलाला दुसरा धंदा करायची मनाई आहे ना, म्हणून बिचारा आईचं नाव पुढे करायचा.

त्यात लोकल. जून २०२० मध्ये सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेसाठी, आणि त्या यादीत वकील नव्हता. न्याय अत्यावश्यक नाही, एवढं सरळ कुणी म्हणालं नाही, पण तिकीट खिडकीवर ते कळायचं. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, सप्टेंबरमध्ये वकिलांना प्रायोगिक म्हणून थोडी मुभा मिळाली. पक्षकाराला ती नव्हतीच. १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळात सर्वांसाठी लोकल उघडली, एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली, आणि १५ ऑगस्टपासून दोन डोस घेतलेल्यांना परवानगी मिळाली. कसारा-बदलापूरकडच्या माणसाने तोवर ठाण्याला तारखेला यायचं कसं?

इथे पडद्याचं श्रेय पडद्याला देतो. ६ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ सुनावणीला मोकळी वाट करून दिली. १३ मेला कोट आणि गाऊनलाही सुट्टी मिळाली, पांढरा शर्ट आणि बँड पुरे. (मे महिन्यात ठाण्यात काळा कोट घालून उभं राहिलेल्यालाच त्या परिपत्रकाची किंमत कळेल. एवढी एक गोष्ट तरी कायम ठेवायची होती.) ठाण्याचा ज्युनियर मुंबईत फोर्टला न जाता उच्च न्यायालयात उभा राहू लागला. दहा मिनिटांच्या युक्तिवादासाठी अख्खा दिवस घालवायची गरज नाही, हे सिद्ध झालं. खालच्या कोर्टांत मात्र सगळा आनंदीआनंद होता. एका ठिकाणी माझी लिंक उघडली तेव्हा पडद्यावर फक्त छताचा पंखा दिसत होता आणि कुणीतरी डबा उघडत होतं. तरीही बिनमहत्त्वाच्या तारखा पडद्यावर घेणं जमण्यासारखं होतं. से (म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं) दाखल करायचाय, मुदतवाढ हवीये, समन्स बजावून आलं की नाही बघायचंय. यात माणसाचा चेहरा बघायचा प्रश्न कुठे येतो?

आता तुरुंगाकडे वळतो.

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह शहराच्या पोटात, तळोज्याचं खारघरच्या पलीकडे. दोन्ही ठिकाणी माझे अशील असतात. मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात साथ पसरल्यावर उच्चाधिकार समितीने हात सैल केला, आणि राज्यातल्या पस्तीस हजारांपैकी जवळजवळ निम्मे कैदी तात्पुरते सोडायचं जाहीर झालं. शिक्षा झालेल्यांसाठी पॅरोलचा नियम बदलला, त्यात सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्याला एक मजेशीर अट होती. आधी दोनदा रजेवर जाऊन वेळेत परतलेला असावा. मग जो कधी रजेवर गेलाच नाही त्याचं काय? तो परत आला नाही म्हणून नापास! ही अट फक्त पूर्वी सुटलेल्यांना लागू, हे सांगायला उच्च न्यायालयात जावं लागलं.

नातेवाइकांच्या मुलाखती बंद झाल्या, आणि कैद्यांना कोर्टात आणणंही बंद झालं. सगळं व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर. तेव्हा ते योग्यच होतं, त्याला पर्याय नव्हता. पण व्हीसीवर काय होतं ते ऐका. तुरुंगातल्या एका खोलीत कैद्यांची रांग. एकेक जण कॅमेऱ्यासमोर येतो, नाव सांगतो, पुढची तारीख ऐकतो, उठतो. अर्धं मिनिट. त्याला मार बसलाय का, औषध मिळतंय का, वकील बदलायचाय का, हे विचारायचं कुणी आणि सांगायचं कसं? शेजारी तुरुंगाचाच माणूस उभा असताना? कायद्यालाही यातला फरक ठाऊक होता. न्यायालयीन कोठडी वाढवायला व्हिडिओ चालतो, पण पोलीस कोठडी द्यायची तर आरोपी प्रत्यक्ष समोर हवा. कारण उघड आहे. अंगावरचा वळ कॅमेऱ्यात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही. कैदी गाडीतून उतरून कोर्टाच्या दारापर्यंत जाईस्तोवर आईला पोरगा दिसायचा. दिव्याहून, मुंब्र्याहून बायका त्यासाठी सकाळपासून येऊन बसायच्या. हवालदार चांगला असला तर दोन शब्द बोलताही यायचं. वकिलाला कानात एखादी गोष्ट सांगायची तर तीच जागा, कारण कारागृहातल्या मुलाखतीत ती सोय कितीशी असते हे वकिलांना विचारा. खटल्यातली महत्त्वाची माहिती मला कित्येकदा कोर्टाच्या जिन्यावर मिळाली आहे.

भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झालेले, आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी तळोज्यातच होते. ऐंशी पार केलेला, पार्किन्सनने हात थरथरणारा माणूस. नळी आणि सिपरसाठी त्यांनी ६ नोव्हेंबर २०२० ला अर्ज केला, आणि त्यावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस घेतले. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल तुमचं काहीही मत असो, ते खटल्यात ठरलं असतं. प्रश्न सिपरचा होता. २१ मे २०२१ ला उच्च न्यायालयाने त्यांना व्हिडिओवर पाहिलं, ऐकलं, आणि २८ मेला त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आलं. ५ जुलैला जामीन अर्ज प्रलंबित असतानाच ते गेले. इथे कुणी म्हणेल की बघा, पडद्यामुळेच न्यायमूर्तींना त्यांची अवस्था कळली. खरं आहे. न्यायमूर्तींनी वेळ काढून विचारलं म्हणून कळली. व्हीसीच्या रांगेत असं विचारणं कितींच्या वाट्याला येतं?

आता आजची स्थिती. मास्क गेले, लोकल तुडुंब झाली, कोर्टाचे जिने भरले. मुरबाडच्या वाटणीच्या दाव्यातली माझी एक वयस्कर अशील पुन्हा पहाटे निघून एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे असं करत येते, दुपारी दोनपर्यंत बसते, आणि समोरच्या वकिलाचा मुदतीचा अर्ज मंजूर होतो. तारीख घेऊन परत. हे पडद्यावर सहज झालं असतं, तिच्या नातवाच्या फोनवर झालं असतं. पण व्हीसीची विनंती केली की कपाळाला आठ्या. आणि कच्च्या कैद्याला आणा म्हटलं की उत्तर ठरलेलं: गार्ड नाही, व्हीसी घ्या.

गार्ड नाही हे खोटं नाही. कैदी ने-आण करायला पोलीस लागतात, आणि सण, सभा, बंदोबस्त आला की पहिली कात्री तिथेच लागते. २०२० च्या आधीही लागायची. फरक एवढाच की तेव्हा कैदी आला नाही तर रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारखेतारखेच्या नोंदीत, तशी नोंद व्हायची, एखादे न्यायाधीश चिडायचे, पोलिसांना खुलासा मागायचे. आता व्हीसीने हजर केलं की हजेरी पूर्ण. कागदावर त्रुटी उरतच नाही, मग गार्ड वाढवा म्हणून कोण कुणाला विचारणार?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, तिच्या कलम ५३० ने अख्खा खटलाच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायची मुभा दिली आहे. कोर्टांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर केले. पैसा आहे, कायदा आहे, पडदे येतीलच. ते कुणासमोर लावायचे, एवढं ठरवायचं आहे.

माझं म्हणणं साधं आहे. बोर्डाचे दोन भाग करा. ज्या तारखेला साक्ष नाही, युक्तिवाद नाही, ती पक्षकार आणि वकिलांसाठी आपोआप ऑनलाइन, त्यासाठी वेगळा अर्ज नको. आणि कच्चा कैदी ठरावीक महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष कोर्टात आलाच पाहिजे. नाही आला तर कारण रोजनाम्यात लिहा, गार्ड नसेल तर गार्ड नाही असं लिहा, आणि वर्षाअखेरीस अशा नोंदी मोजा.

कल्याण, भिवंडी, बेलापूर, पनवेलला प्रॅक्टिस करणाऱ्यांनी आपापल्याकडे काय चालतं ते लिहा. बार रूममध्ये या विषयावर निवेदन तयार करतोय, त्यात ठाण्याबाहेरचीही माहिती हवी आहे.